कुंपणाचं लाकडी पॅनेल मापात कसं कापायचं आणि खांबांत कसं बसवायचं

तयार पॅनेलांचं कुंपण घालताना शेवटचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, पूर्ण मापाचा निघाला तर नशीबच समजायचं. पॅनेल १८३० मिमी, म्हणजे ६ फूट रुंद असतं आणि गाळा उरतो १०४० मिमीचा, नाहीतर १३७० चा. मग पॅनेल कापायचं ठरतं आणि हात थेट करवतीकडे जातो. घोटाळा तिथेच होतो. करवतीचं काम दहा मिनिटांचं आहे. खरं काम आहे कडेची उभी रीप नव्या जागी आणायचं, आणि ती तिथे पक्की होईपर्यंत करवत लावायची नाही. हा क्रम उलटला की पट्ट्या सुट्या होतात, पॅनेल तिरकं होतं आणि नंतर कितीही स्क्रू मारले तरी ते गुण्यात, म्हणजे काटकोनात, येत नाही.

पॅनेल जोडलेलं कसं असतं

आडव्या पट्ट्यांच्या पॅनेलात ५ ते ८ मिमी जाडीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. वरच्या पट्टीची खालची कड खालच्या पट्टीवर बाहेरून येते, म्हणून पाणी बाहेरच्या बाहेर ओघळतं. दोन्ही कडांना उभ्या रिपांची जोडी असते, एक पुढून आणि एक मागून, आणि पट्ट्यांची टोकं त्यांच्यामध्ये चिमटलेली असतात. मधल्या एक-दोन उभ्या रिपा फक्त पट्ट्या वाकू नयेत म्हणून असतात. पॅनेलचा ताठपणा कडेच्या त्या दोन जोड्यांत आहे. माथ्यावर पावसासाठी एक आडवी पट्टी टोपीसारखी ठोकलेली असते.

उभ्या फळ्यांच्या पॅनेलची रचना वेगळी. तिथे दोन किंवा तीन जाड आडव्या दांड्यांवर फळ्या उभ्या ठोकतात. फळीची एक कड जाड, दुसरी पातळ. शेजारच्या फळीची जाड कड पातळ कडेवर २० ते २५ मिमी चढते. हे पॅनेल जास्त जड आणि जास्त टणक असतं. रुंदी कमी करताना दोन्ही प्रकारांची पद्धत जवळजवळ सारखीच आहे, उंची कमी करताना मात्र ती बदलते.

आधी गाळ्यांचा हिशोब

खांब पुरण्याआधी हा हिशोब कागदावर मांडला तर कापाकापी एका पॅनेलवर आटोपते. समजा एकूण लांबी ९ मीटर आहे, खांब १०० मिमीचे आहेत आणि पॅनेल १८३० चं. दोन्ही बाजूंना ५-५ मिमी मोकळीक धरली की एक गाळा १८४० चा होतो. एक गाळा आणि एक खांब मिळून १९४०. असे चार गाळे आणि सुरुवातीचा एक खांब धरून ७८६० मिमी झाले. उरले ११४०, त्यातून शेवटचा खांब वजा केला की गाळा राहतो १०४० आणि पॅनेल कापायचं १०३० वर.

उरलेला गाळा २०० मिमीचा निघाला तर तेवढी चिंचोळी पट्टी कापू नका. ती दिसतेही वाईट, आणि तेवढ्या जागेत रिपांच्या दोन जोड्या बसवल्या की फळ्या दिसायच्याच राहत नाहीत. शेवटचे दोन गाळे एकत्र धरा: १८४० अधिक २००, म्हणजे २०४०. त्याचे १०२० चे दोन समान गाळे करा. एकाऐवजी दोन पॅनेलं कापावी लागतील, पण रांग बघताना डोळा अडखळणार नाही.

सगळे खांब आधी पुरून मग पॅनेलं बसवण्यापेक्षा खांब, पॅनेल, पुढचा खांब असं चालत जाणं सोयीचं. प्रत्येक गाळा त्याच्या पॅनेलनेच मापला जातो आणि सगळी तूट शेवटी एका जागी साठते. पॅनेल उचलून धरायला दुसरं माणूस नसेल तर १८४० मिमीची एक सरळ रीप कापून घ्या आणि ती खांबांमध्ये वर आणि खाली आडवी धरून अंतर पक्कं करा.

माप: तीन ठिकाणी, आणि सर्वांत लहान तेच खरं

गाळ्याची रुंदी माथ्याशी, मध्यावर आणि तळाशी मोजा. समजा १२२०, १२२६ आणि १२१४ मिमी आली. पॅनेल १२१४ मधून जायला हवं, त्यामुळे हिशोब त्याचाच. त्यातून १० मिमी वजा करा, म्हणजे पॅनेलची तयार रुंदी १२०४. सुतारांच्या भाषेत ही साधारण तीन सुतांची मोकळीक झाली (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

ही मोकळीक कशासाठी? पॅनेल पावसात फुगतं म्हणून, असं उत्तर सर्रास दिलं जातं, आणि ते अर्धंच बरोबर आहे. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं-आक्रसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. पाइनसारख्या लाकडात ओलावा ४ टक्क्यांनी बदलला की रुंदीत साधारण १ टक्का फरक पडतो. म्हणजे १५० मिमीची फळी २० टक्के ओलाव्यावरून १२ टक्क्यांवर आली की सुमारे ३ मिमी आक्रसते. आडव्या पट्ट्यांच्या पॅनेलची रुंदी म्हणजे पट्ट्यांची लांबी, ती फारशी हलत नाही. हलतात ते खांब: ओल्या मातीत ते किंचित कलतात, स्वतः फुगतात, कधी पिळतात. शिवाय पॅनेल सरळ वरून उतरत नाही, थोडं तिरकं करून आत घ्यावं लागतं. मोकळीक मुख्यतः या दोन कारणांसाठी हवी.

वर आणि खाली यांत १५ मिमीहून जास्त फरक निघाला तर टेप बाजूला ठेवा आणि ओळंबा किंवा पाणसळ खांबाला लावा. खांब कललेला असेल तर तो सरळ करणं हेच उत्तर. कललेल्या खांबाला जुळेल असं तिरपं पॅनेल कापता येतं, पण पुढे कधी तो खांब बदलला तर ते पॅनेल कुठेच बसणार नाही.

खाच असलेल्या काँक्रीटच्या खांबांचं माप वेगळं. तिथे दिसणाऱ्या गाळ्यात दोन्ही खाचांची खोली मिळवायची. दिसणारा गाळा ११८० आणि प्रत्येक खाच २५ मिमी खोल असेल तर १२३०. त्यातून १५ वजा करून १२१५. पॅनेल एका बाजूला पूर्ण सरकलं तरी दुसऱ्या खाचेत किमान १० मिमी अडकून राहायला हवं. इथे १० राहतात, म्हणजे १५ पेक्षा जास्त मोकळीक देऊ नका. खाचेची रुंदीही मोजा. रीप, पट्ट्या, रीप अशी एकूण जाडी त्या खाचेत उतरणार नसेल तर रुंदी कितीही अचूक कापून उपयोग नाही.

हाताशी काय हवं

टेप, मोठा गुण्या, पेन्सिल, सरळ रीप, दोन ते चार क्लॅम्प, ड्रिल मशीन, २.५ ते ३ मिमीचं बिट, एक पातळ सपाट पहार किंवा जुनी रुंद पटाशी, हॅकसॉचं सुटं पातं. कापायला इंचाला ७-८ दातांची हातकरवत पुरते. गोल पात्याची करवत असेल तर २४ दातांचं कार्बाइड पातं घ्या. जिगसॉ टाळा. लांब कापात त्याचं पातं खालून वाकतं. वरून रेषा सरळ दिसते आणि मागच्या बाजूला ५ मिमीने भरकटलेली असते.

स्क्रू ४ मिमी जाडीचे घ्या, आणि लांबी एकूण जाडीपेक्षा ५ ते ८ मिमी कमी. २० मिमीची रीप, चढवलेल्या पट्ट्यांचे १२ आणि मागची रीप २० मिळून ५२ झाले, तर ४५ मिमीचा स्क्रू बरोबर. मुलामा कशाचा आहे ते विचारून घ्या. हल्लीच्या दाबप्रक्रिया केलेल्या, म्हणजे दाबाखाली संरक्षक औषध मुरवलेल्या, लाकडात तांब्याचे क्षार असतात आणि ते साधं लोखंड व पातळ जस्ताचा चकचकीत मुलामा खाऊन टाकतात. गरम जस्तात बुडवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू-खिळे वापरा. ओक किंवा सागासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात तर लोखंडी खिळ्याखाली पहिल्याच पावसात काळे ओघळ उतरतात.

चष्मा आणि धुळीचा मास्क हवाच. रिपा काढताना हातमोजे घाला; गोल करवत चालवताना मात्र सैल हातमोजे काढून ठेवा.

रेषा आधी, रीप नंतर

१. पॅनेल सपाट जमिनीवर, चार-पाच टाकाऊ रिपांच्या आधारावर आडवं ठेवा. बाहेरून दिसणारी बाजू वर ठेवायची की खाली ते अवजारावर ठरतं. हातकरवत खालच्या अंगाला ढलप्या काढते, म्हणून चांगली बाजू वर. गोल करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली.

२. दोन्ही कर्ण मोजा. ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर लांब कर्णाची दोन टोकं आत ढकलून पॅनेल गुण्यात आणा. १८३० बाय १८०० च्या पॅनेलचा कर्ण २५६७ मिमी असतो.

३. जी कड ठेवायची तिच्या बाहेरच्या अंगापासून १२०४ मिमी माथ्याशी आणि तळाशी खूण करा आणि सरळ रिपेने रेषा ओढा. पॅनेल अखंड आहे तोवरच ही रेषा भरवशाची. रीप काढल्यावर ओढलेली रेषा पट्ट्या सरकतील तशी सरकते.

४. रेषा मधल्या उभ्या रिपेवर किंवा तिच्या अगदी लगत येत असेल तर ती मधली रीप आधी काढून टाका. नवीन कडेपासून १०० मिमीच्या आत तिचा काही उपयोग नाही.

५. माथ्याची टोपपट्टी खिळे सैल करून पूर्ण काढा. तिला शेवटी वेगळं कापायचं आहे.

उभ्या फळ्यांच्या पॅनेलात रेषा कोणत्या फळीवर पडते ते बघून घ्या. कडेला ४० मिमीपेक्षा अरुंद चिरफळी उरत असेल तर ती पुढे नक्की फाटणार. अशा वेळी दोन्ही बाजूंनी थोडं थोडं कापा, किंवा शेवटच्या तीन-चार फळ्या काढून त्यांची चढण ५-५ मिमीने वाढवत पुन्हा ठोका.

जुनी रीप काढावी की नवी आणावी

त्याच मापाच्या दोन सुट्या रिपा मिळत असतील तर जुन्या काढूच नका. नव्या रिपा नव्या रेषेवर बसवा, पट्ट्यांची टोकं तोवर जुन्या रिपांत धरलेली राहतील, मग कापा. पॅनेल क्षणभरही सुटं होत नाही. अर्ध्या तासाचं काम वाचतं ते वेगळंच.

जुनीच रीप वापरायची असेल तर घाई करायची नाही. कारखान्यातले खिळे किंवा स्टेपल बहुधा आरपार जाऊन मागे वळवलेले असतात. वरून पहार घालून नुसतं उचकटलं की खिळा निघत नाही, रीप तंतूंच्या रेषेत उभी चिरते. आधी मागच्या बाजूला जा. वळलेली टोकं पटाशीच्या कोपऱ्याने उचलून पकडीने सरळ करा. मग पुढून रीप आणि पट्टी यांच्यामध्ये पहारीचं पातळ टोक सरकवा, ते खिळ्याच्या अगदी जवळ असू द्या, पहारीखाली पातळ लाकडाचा तुकडा ठेवा आणि ३-४ मिमीच उचला. पुढच्या खिळ्याकडे जा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असं एकदा गेल्यावर परत सुरुवातीला येऊन आणखी थोडं उचला. एखादा गंजलेला खिळा हटत नसेल तर त्या फटीत हॅकसॉचं सुटं पातं घाला, एका टोकाला जाड कापड गुंडाळून धरा आणि खिळा कापून टाका. रिपेत राहिलेला तुकडा तिथेच राहू द्या, मात्र त्या जागी पेन्सिलने फुली मारा, म्हणजे नवा स्क्रू तिथे जाणार नाही.

नव्या रेषेवर रिपांची जोडी

पॅनेल उलटसुलट करावं लागू नये अशी मांडणी करा. मागची रीप पट्ट्यांच्या खाली सरकवा, पुढची वर ठेवा. दोन्हींची बाहेरची कड रेषेला लागली पाहिजे, रीप रेषेच्या आत, म्हणजे ठेवायच्या भागावर. इथे चुकून रीप रेषेच्या बाहेर बसवणारे कमी नाहीत, आणि मग पॅनेल ४० मिमी लांब होतं. गुण्या उभा धरून वरची आणि खालची कड एका ओळीत आहे का ते माथ्याशी, मध्यावर आणि तळाशी तपासा. क्लॅम्प आवळा.

आता प्रत्येक चढणीवर, म्हणजे जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे, वरच्या रिपेतून भोक पाडून एक स्क्रू. एका स्क्रूत दोन्ही पट्ट्या धरल्या जातात. १८०० मिमी उंचीला असे साधारण १३ ते १५ स्क्रू लागतात. भोक न पाडता स्क्रू घातला तर मधल्या भागात एखाद वेळी निभावेल, पण रिपेच्या टोकाला ती फुटणारच. टोकाचा स्क्रू टोकापासून ३० मिमी आत घ्या. डोकं रिपेच्या अंगाशी सपाट बसलं की थांबा. आणखी आवळलं तर ५ मिमीची पट्टी आत चिरडते आणि दिसतही नाही.

उभ्या फळ्यांच्या पॅनेलात कडेच्या रिपेबरोबर आडव्या दांड्यांची टोकंही पकडायची आहेत. प्रत्येक दांडीत दोन स्क्रू, रीपेतून आत. फळी पुन्हा ठोकायची असेल तर प्रत्येक दांडीवर एकच खिळा मारा, तोही खालच्या फळीच्या पातळ कडेला चुकवून. दोन खिळ्यांनी जखडलेली फळी आक्रसताना मधोमध चिरते.

स्क्रू पूर्ण झाल्यावर कर्ण परत मोजा. आता माप नव्या चौकटीचं: १२०४ बाय १८०० ला कर्ण २१६६ मिमी.

कापणं

आता करवतीला वाट तयार आहे. रिपेची बाहेरची कडच तिची पट्टी. हातकरवत असेल तर पातं रिपेच्या कडेला टेकवून, सपाट कोनात, लांब हात मारत कापा. बहुतेक ठिकाणी फक्त पातळ पट्ट्याच कापायच्या असतात, त्यामुळे जोर लावावा लागत नाही. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबून बघा, मध्ये खिळा असेल.

गोल करवतीचा तळ चढवलेल्या पट्ट्यांवर ठेवला तर तो डुगडुगतो. तो रिपेवर ठेवा. पात्याची खोली मग रीप, पट्ट्या आणि वर ५ मिमी अशी धरावी लागते, वरच्या हिशोबात ३७ मिमी. सरळ रीप क्लॅम्पने बांधून मार्गदर्शक करा. ती किती आत बांधायची ते एका टाकाऊ तुकड्यावर कापून, तळाची कड ते कापाची कड असं मोजून ठरवा. आधाराच्या रिपा पात्याच्या वाटेत नाहीत ना, हे खाली वाकून पाहा. आणि जो भाग सुटून पडणार आहे त्यालाही खालून आधार हवा. तो लोंबला की कापाचं तोंड मिटतं, पातं चिमटतं आणि यंत्र उलट अंगावर उसळतं. आधार नसेल तर शेवटची पट्टी कापली न जाता तुटते, लांब ढलपी घेऊन.

कापल्यावर टोपपट्टी नव्या रुंदीला कापून परत बसवा. आधी ती कडेच्या रिपांशी समपातळीत होती की बाहेर येत होती ते लक्षात ठेवा. खाचेच्या खांबांत बाहेर आलेली टोपपट्टी पॅनेल खाली उतरूच देत नाही.

कापलेली तोंडं

लाकूड पाणी पितं ते तंतूंच्या तोंडातून, अंगातून फार कमी. दाबप्रक्रियेतलं संरक्षक औषधही लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचलेलंच असतं असं नाही. कापलेल्या तोंडावर कडेला हिरवट कडं आणि मध्ये फिकट लाकूड दिसलं तर ते फिकट लाकूड उघडं आहे असं समजा. कुजणं आणि वाळवी तिथूनच सुरू होते. कापलेल्या प्रत्येक तोंडाला टोकांसाठीचं संरक्षक औषध ब्रशने भरपूर लावा. शोषलं गेलं की लगेच दुसरा हात, मग तिसरा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. रिपांचे खालचे टोक डब्यात काही मिनिटं बुडवून ठेवता आले तर उत्तम. जुन्या खिळ्यांच्या भोकांतही एक-एक थेंब सोडा. हे पॅनेल आडवं आहे तोवरच करून घ्या, खांबांत बसल्यावर कडा दिसेनाशा होतात.

रंगाची घाई नको. नव्या प्रक्रिया केलेल्या लाकडावर पाणी शिंपडून पाहा. थेंब मोत्यांसारखे उभे राहिले तर अजून थांबा. शोषले गेले तर रंग धरेल.

उंची कमी करायची असेल तर

आडव्या पट्ट्यांचं पॅनेल तळाकडून कमी करा. शक्य तर पूर्ण पट्ट्याच काढा, मधूनच उभी चिरलेली पट्टी नको. म्हणजे उंची एका पट्टीच्या टप्प्याने कमी होते आणि करवत फक्त उभ्या रिपांना लागते. तळाशी आडवी रीप असेल तर ती आधी वर आणून बसवायची, मग कापायचं. क्रम तोच.

उभ्या फळ्यांचं पॅनेल मात्र माथ्याकडून कापा. फळ्यांची खालची, जमिनीजवळची टोकं कारखान्यातून पूर्ण प्रक्रिया होऊन आलेली असतात, त्यांना हात लावू नका. वरची ताजी तोंडं टोपपट्टीखाली झाकली जातात. कापानंतर वरची दांडी माथ्याच्या फार जवळ येत असेल तर ती खाली सरकवावी लागते.

उतारावर पॅनेल जमिनीला समांतर करायला तिरकं दाबू नका. प्रत्येक पॅनेल पाणसळीत ठेवून पायऱ्या करा. चार गाळ्यांत जमीन ६०० मिमी उतरत असेल तर प्रत्येक पायरी १५० ची, आणि जिथे पायरी पडते तो खांब १५० ने लांब. खालच्या त्रिकोणी फटीत तिरकी कापलेली जाड तळफळी बसवा. ती सडली तर एकटी बदलता येते.

बसवणं

खांब पक्के नसतील तर नीट कापलेलं पॅनेलही वर्षभरात खडखडायला लागतं. १८०० मिमीच्या कुंपणाला खांब किमान ६०० मिमी जमिनीत हवा, खड्डा खांबाच्या सुमारे तिप्पट रुंद, तळाशी १०० ते १५० मिमी खडी. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता करा, नाहीतर तिथे पाणी साचून खांब नेमका जमिनीशी कुजतो. झटपट मिश्रण १० मिनिटांत घट्ट दिसतं, तरी पॅनेल चढवायला एक-दोन दिवस जाऊ द्या. भरीव कुंपण वाऱ्यात शिडासारखं काम करतं आणि सगळा झटका त्या खड्ड्यावर येतो. खणण्याआधी जमिनीखालून तारा किंवा नळ जातात का आणि हद्द नक्की कुठे आहे, हे पाहून घ्या.

पॅनेल ५० मिमी उंचीच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा, किंवा तळफळी असेल तर थेट तिच्यावर. मातीला टेकलेलं पॅनेल खालून ओल ओढत राहतं. दोन्ही बाजूंना ५ मिमीच्या चिपा घालून ते मधोमध आणा, माथ्यावर पाणसळ ठेवा, गरज असेल तिथे ठोकळ्याखाली पाचर सरकवा. मग धातूचे क्लिप: प्रत्येक बाजूला तीन, माथ्यापासून आणि तळापासून साधारण २०० मिमीवर आणि एक मध्यावर. स्क्रू लाकडी खांबात ३० मिमी तरी गेला पाहिजे. खिळ्यांनी थेट ठोकणं झटपट होतं खरं, पण पुढे एक पट्टी बदलायची झाली तरी पॅनेल फोडूनच काढावं लागतं.

खाचेच्या खांबांत पॅनेल दोघांनी दोन्ही टोकांना एकाच वेगाने वरून उतरवायचं. एक बाजू पुढे गेली की ते तिरकं होऊन अडकतं. अशा वेळी वरून हातोडा मारू नका, परत वर घ्या. बसल्यावर खडखडत असेल तर खाचेत पातळ लाकडी पाचर किंवा रबराची पट्टी घाला.

एक टोक भिंतीला येत असेल तर भिंतीच्या वाकडेपणाला पॅनेल जुळवू नका. १०० बाय ५० ची एक लाकडी दांडी भिंतीला उभी, तीन बोल्टांनी बसवा, ओळंब्यात. भिंतीचे उंचवटे तिच्या मागच्या अंगावर पेन्सिलने उतरवून तेवढं रंध्याने काढा. पॅनेल मग नेहमीसारखं चौकोनी कापता येतं.

थोडं चुकलंच तर

पॅनेल ३ ते ५ मिमी लांब झालं तर दोन्ही कडांच्या रिपांना रंधा मारा, प्रत्येकी थोडा थोडा, आणि उघड्या पडलेल्या अंगाला परत औषध लावा. हातोड्याने आत बसवलेलं पॅनेल खांबांना बाहेर रेटतं आणि शेजारचा गाळा बिघडवतं. २० मिमी आखूड झालं तर लांब स्क्रूंवर टांगू नका. प्रक्रिया केलेली १० मिमीची पट्टी दोन्ही खांबांना, किंवा २० ची एकाच खांबाला, उभी ठोकून गाळाच लहान करा. ४० पेक्षा जास्त आखूड असेल तर हे ठिगळ लपत नाही, तेव्हा ते पॅनेल दुसऱ्या अरुंद गाळ्यासाठी बाजूला ठेवा.

कापलेले तुकडे आणि भुसा चुलीत, शेकोटीत किंवा झाडांच्या आळ्यात जाऊ देऊ नका. जुन्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असू शकतं, आणि जाळल्यावर ते धुरात व राखेत येतं. खाली ताडपत्री अंथरून कापलं असेल तर भुसा गोळा करायला दोन मिनिटं लागतात.